कावीळ नव्हती ती

थर्टी फर्स्ट जवळ आला की आमच्या कोळीवाड्याच्या मंडळाची पोरं मला शोधत येतात. 'हरेशदादा, दोन शब्द बोला ना पोरांसमोर. तुम्ही त्यातून गेलात.' मी जातो, माईक हातात घेतो आणि दोन शब्दसुद्धा धड फुटत नाहीत. एका जागी उभंच राहवत नाही मला. आजारपणानंतर लागलेली खोड आहे ही, बोलताना येरझाऱ्या घालायच्या. माईकची वायर पायात येते, पोरं खिदळतात आणि जे सांगायचं तेच राहून जातं. म्हणून यंदा लिहितोय. लिहितानाही मधेमधे उठून गॅलरीत जाऊन येतोय. चालवून घ्या.

आपला कोळी

मी ठाण्याच्या खाडीकाठचा. बाबांची होडी होती, आई बाजारात मासळी विकायला बसायची, मोठी बहीण रेखाताय घर सांभाळायची. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या घरात दारू लपलेली नव्हती. हळद असो, देवाचं काही असो, आधी चार थेंब देवाच्या नावाने जमिनीवर, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. सोबत भाजलेले बोंबील, भाकरी, गाणी. पोरांना मिळायची ती बोटभर, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माझ्या हातात पहिला ग्लास बाबांनीच दिलेला, चुलतभावाच्या हळदीला. मी याचं गुणगान करत नाहीये, गैरसमज नको. आमच्यातलेही लोक यात संपलेत. पण कोणाला घाई नसायची, एवढं खरं.

कॉलेजात सगळंच उलटं. मकरंद माझा दोस्त. डोंबिवलीचा, वडील बँकेत, घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडायचे. त्याला आणि बाकीच्यांना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असायचं, तेही शुद्धीत. लपून प्यायचं म्हणजे पटकन प्यायचं. खोपटला एसटी डेपोच्या मागे एक पडकी भिंत होती, तिच्या आडोशाला आमची बैठक. भर दुपारी, रिकाम्या पोटी, पाणी नावाला, वरून मूठभर बडीशेप. याला काय पिणं म्हणायचं? औषध गिळल्यासारखं गिळायचो आम्ही.

आणि तिथे मी हिरो! 'हा आपला कोळी. याला चढतच नाही!' मकरंद नव्या पोरांना माझी ओळख अशी करून द्यायचा. हीच पोरं वर्गात माझ्या बोलण्याला हसायची. मी चुकून 'मला'ऐवजी 'मना' म्हटलं की आठवडाभर 'मना-तुना' करून पिडायची. भिंतीमागे मात्र कोणी हसायचं नाही. तिथे टाळ्या. कॉलेजात मिरवायला दुसरं होतं काय माझ्याकडे?

खरं सांगू? चढायची मला. फार चढायची. मी फक्त तोंड सरळ ठेवायला शिकलेलो.

ती दुपार

परीक्षा संपली त्या दिवशी पैज लागली. आख्खा खंबा, म्हणजे मोठी बाटली, कोरी, खाली न ठेवता. मकरंद म्हणाला, "आपला कोळी पिणार म्हणजे पिणार." सकाळपासून माझ्या पोटात एक चहा होता. मी बाटली तोंडाला लावली. सगळी काही गेली नाही, पण जेवढी गेली तेवढी पुरली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं.

बेंबीच्या वर, आत खोलवर, कोणीतरी पिळा घालत होतं आणि ती कळ आरपार पाठीत निघत होती. आडवं पडलं की जास्त. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलं की श्वास घेण्यापुरती सूट मिळायची. उलट्या तर थांबेचनात. मकरंदने मला रिक्षात घातलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि तो तसाच निघून गेला. घरापर्यंत आला नाही.

आईने ओव्याचं पाणी दिलं. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "झोपू दे त्याना. उतरंल."

उतरली नाही. सकाळी मी भिंतीशी दुमडून बसलेलो, अंगाला गार घाम, बोलता येत नव्हतं. तेव्हा कुठे शेजारच्या टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं.

"ग्लासात सांग"

डॉक्टरबाई तरुण होत्या. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या, पण आवाज असा की गुपचूप खरं बोलावं.

"किती प्यायलास?"

"थोडी."

"थोडी म्हणजे? ग्लासात सांग नाहीतर बाटलीत सांग."

बाबा शेजारी उभे. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरबाईंनी सोप्या भाषेत समजावलं. जठराच्या मागे एक ग्रंथी असते, अन्न पचवणारा रस बनवणारी. ती दारूने भडकलीय, आणि तिचा रस आता तिलाच खातोय. "काही पेशंट यातून बाहेर येतात, काही येत नाहीत. हे चार दिवस मी तुम्हाला काही सांगू शकत नाही."

माझ्या डोळ्यांत थोडी पिवळी झाक होती. बाबांनी तीच धरली. "डागतर, कावील असंल. डोले बघा त्याचे."

"काका, कावीळ नाहीये ही. दारू आहे."

"आमी पिढ्यान् पिढ्या पितो. आमच्यात नाय होत असला काय."

"होतं की नाही, हे तुम्ही कधी कोणाला विचारलंत?"

बाबांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. दाराबाहेर मामा आणि भावकीतली माणसं जमलेली. बाबांचा आवाज मला कॉटवर ऐकू आला, अगदी स्वच्छ: "कावील झाली पोऱ्याला. होईल बरा."

रेखातायचं लग्न ठरलेलं होतं, आंबिवलीच्या बाजूला, चांगलं घर. नवरीचा भाऊ दारूने आडवा पडलाय हे तिथे कळून कसं चालेल? आम्ही सगळ्यांनी ती कावीळ मुकाट्याने मान्य केली. मी तर खूशच झालो. पैजेची गोष्ट परस्पर झाकली गेली ना!

पाणी

दुखण्यापेक्षा मला तहान जास्त आठवते. नाकातून पोटात नळी, हाताला सलाईन, आणि तोंडाने काही म्हणजे काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. कॉटला तशी पाटीच लावलेली. बाजूच्या पेशंटने तांब्या तोंडाला लावला की त्याचा घटघट आवाज ऐकून मला रडू यायचं. आयुष्यभर खाडीकाठी राहिलो, पाण्याची अशी किंमत कधी कळली नव्हती.

आईची अवस्था माझ्याहून वाईट. तिचं सगळं प्रेम टोपात शिजतं. पोरगा उपाशी आणि आपण जेवायचं हे तिला झेपेना. एका दुपारी तिने पदराखालून डबा काढला, पेजेचे दोन चमचे माझ्या तोंडात सोडले. मीही अधाशासारखे गिळले. त्यानंतर मी जो ओरडलो, तो वॉर्डच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेला असणार. सिस्टर धावत आल्या, आईला नको नको ते बोलल्या. आई कॉटखाली डबा सरकवून हमसून हमसून रडत होती, आणि कळवळत असतानाही मला तिचाच राग येत होता. आजारी माणूस फार वाईट असतो हो. आपल्याला जो जवळचा त्याच्यावरच गुरकावतो.

त्यानंतर रेखाताय बसायला लागली. ओल्या कापसाने माझे ओठ पुसायची, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. तिला मी सगळं सांगितलं. भिंत, बडीशेप, टाळ्या, 'आपला कोळी'. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "गाढवा, त्यांना तू आवडत नव्हतास. त्यांना तमाशा आवडत होता." मग पुन्हा कापूस भिजवला.

मकरंद एकदा आला. हातात ग्लुकोजचा पुडा, तोंड पांढरं. आधी विचारलं, "माझं नाव नाही ना घेतलंस?" नंतर कॉटच्या दांड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "तुला चढत नाही असं मला खरंच वाटायचं रे."

मी भिंतीकडे तोंड केलं.  त्याला तसं वाटावं म्हणूनच तर मी सगळं करत होतो. आज त्याचा राग येत नाही. तोही माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच घाबरलेला. त्या दिवशी मात्र पुडा फेकून मारावासा वाटला.

समोरच्या कॉटवर एक जण होता, तिशीतला, माझाच आजार, दुसऱ्या वेळेचा. पहिल्या वेळेला बरा होऊन गेलेला, मग मित्राच्या लग्नात 'एकच' घेतलेली. मला हात करून सांगायचा, "तू घरी जा आणि शहाणा हो." एका सकाळी मी उठलो तर त्याच्या कॉटवर नवी चादर होती आणि आया बाजूचं टेबल पुसत होती. मी कोणालाही काही विचारलं नाही. नाकातली नळी ओढून काढावी आणि पळत सुटावं असं वाटत राहिलं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बोलावलं. "एक थेंब नाही. कधीच नाही."

"बहिणीच्या हळदीला? आमच्यात भावाने..."

"मग बहिणीला सांग, हळद आणि तेरावं एकदमच उरकून घे."

इतकं कडू कोणी बोललं नव्हतं माझ्याशी. पण उपयोग त्याचाच झाला.

पिवळं पाणी

घरी आलो तो कावीळ झालेला पोरगा म्हणून. सगळा कोळीवाडा मदतीला धावला, आणि सगळ्यांत पुढे पारूकाकी. शेजारचंच घर. तिचा पोरगा जगू माझ्याहून थोडा मोठा, कंपनीत नुकताच लागलेला, आदल्या वर्षी गेला. कावीळच झालेली त्याला, सगळ्यांना माहीत होतं. काकी रोज माझ्यासाठी उसाचा रस आणायची, बर्फ न घातलेला, गाळून. "जगूना पन मी रोज दिलेला," म्हणायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर बसायची.

तिनेच मला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, मंत्र पुटपुटला. पाणी पिवळं झालं. काकीने त्या पाण्याला हात जोडले. मी हात पुढे करून बसलेलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालेलं मला. सांगावंसं वाटलं, काकी, असं काही नाहीये. पण तिचा चेहरा इतका उजळलेला की जीभ उचलली नाही.

आणि इथे ते खोटं माझ्या अंगावर उलटायला लागलं. कावीळ उतरते. कावीळ उतरली की माणूस बरा, सगळं खायला-प्यायला मोकळा. मला भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "उतरली ना? मग हळदीला बसू!" दारू हे कारण कोणाला ठाऊकच नव्हतं, तर मला अडवणार कोण?

मीही काही साधुसंत झालेलो नव्हतो. संध्याकाळ झाली की पाय आपोआप खोपटच्या रस्त्याला लागायचे. हातांना काही सुचायचं नाही. दारूची तलफ की टाळ्यांची, ते आजही मला नीट सांगता येत नाही. मी उलट्या बाजूला वळायचो, कळव्याच्या पुलापर्यंत तरातरा जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. लोक म्हणायचे, कावीळ डोक्यात गेली पोऱ्याच्या. बाबा जाळं विणत ओटीवर बसलेले असायचे. मी आलो-गेलो की नुसती मान वर करायचे. आम्ही बापलेक त्या दिवसांत कामापुरतंच बोलत होतो.

भावाचा पेला

आमच्या भावकीत रीत आहे. बहिणीच्या हळदीला पहिला पेला भावाचा. देवाचे थेंब पडले की भावाने एक घोट घ्यायचा, मग बाकीच्यांचे पेले भरायचे. तोवर मांडवात कोणी हात लावत नाही.

ऊन उतरलेलं. मांडव गच्च. आंबिवलीहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बायका आलेल्या. रेखाताय पाटावर, अंगभर पिवळी, मान खाली. आमच्यात लग्नाची गाणी म्हणणारी बाई असते, धवलारीण. ती गात होती. मामाने पेला भरला, चार थेंब सांडले आणि माझ्या हातात दिला. मामा म्हणजे जीव की प्राण माझा, त्याच्या मनात पाप नव्हतं.

"मामा, नको. अजून बरं नाय वाटत."

"आरं, कावील उतरली ना तुजी? घोटभर घे. बहिनीची हलद कोरी ठेवतोस?"

"घे रं हऱ्या!" मागून कोणीतरी ओरडलं. मग दुसरा. मग टाळ्या. त्याच टाळ्या!

मी बाबांकडे बघितलं. ते मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं, अख्ख्या मांडवात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी नजर खाली घातली. त्या क्षणी मला वाटलं, यांना मी मेलो तरी चालेल, पण अब्रू जायला नको. आणि मग राग, वास, टाळ्या, सगळं एक झालं आणि मी पेला ओठाशी नेला. मी थांबणार नव्हतो. कोणाला वाटत असेल की मी शेवटच्या क्षणी सावरलो, तर तसं नाहीये.

"हऱ्या, ठेव तो!"

गाणं बंद पडलं. नवरी पाटावरून उठलेली, हळदीचे हात तसेच हवेत. "मामा, त्याना कावील नव्हती झालेली. दारूनं झालेलं. पोट आतून जललेलं त्याचं. यो घोट घेतला तर उद्या माझ्या लग्नाऐवजी याची तिरडी बांधायला लागंल." मग आंबिवलीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "तुमाला काय वाटायचं ते वाटू दे."

 बाबा खांबापासून हलले. मला वाटलं, तिच्या मुस्कटात मारतात. ते माझ्यासमोर आले, माझ्या हातातून पेला घेतला आणि सगळाच्या सगळा जमिनीवर ओतला.

"आज सगली देवाची," ते म्हणाले. आवाज फाटलेला.

नवऱ्याची आत्या आंबिवलीच्या बायकांत मोठी होती. ती जागची उठली, रेखातायच्या खांद्याला धरून तिला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "बस गं बाय. हलद सुकते." आणि धवलारणीला ओरडली, "तू का थांबलीस?" बस्स. लग्न मोडेल म्हणून आम्ही जे जे काही झाकत होतो, त्याचा निकाल एवढ्यात लागला. रेखाताय आज दोन पोरांची आई आहे, आणि त्या आत्याबाई माझ्या ताटात सगळ्यांत मोठी तुकडी वाढतात.

पारूकाकीचा प्रश्न

इथे संपवता आलं असतं. मंडळाच्या पोरांना मी इथपर्यंतच सांगतो, तेही अडखळत. पुढचं आजवर सांगितलं नाही.

वरात गेल्यावर मी आणि बाबा मांडव सोडत होतो. पारूकाकी आली. हातात काही नव्हतं, रसाचा पेलाही नव्हता. ती बांबूंच्या ढिगाशी उभी राहिली.

"हऱ्या, तुजं पोट कसं दुखायचं रे?"

मी सांगितलं. पाठीपर्यंत जायचं, आडवं झालं की वाढायचं.

"वाकून बसलं का बरं वाटायचं?"

"हो."

"जगू तसाच बसायचा. गुडघं पोटाशी घेऊन." ती माझ्याकडे बघत होती, डोळे न मिटता. "त्याना कावीलच होती ना रे?"

 मी म्हटलं, "काकी, मना काय कलतंय त्यातलं..."

"नव्हती, वयनी." बाबा माझ्या मागे उभे होते. "मीच नेलेला त्याना हास्पिटलात. डागतर मना बोललेला, दारूनं झालंय. तुज्या तोंडावर सांगवलं नाय. कावील बोललो."

म्हणजे ती कावीळ माझ्यासाठी नव्याने शोधलेली नव्हती. बाबांकडे ती तयारच होती. डॉक्टरबाईंनी विचारलेलं, 'कधी कोणाला विचारलंत?' तेव्हा ते रागाने बाहेर गेले नव्हते. जगूच्या हळूहळू वाढणाऱ्या पिण्याकडे आख्ख्या कोळीवाड्याने कानाडोळा केला, तो गेल्यावर कावीळ म्हणून मोकळे झाले, आणि त्याच्या वयाचे आम्ही सगळे निर्धास्त. कावीळ काय, पाण्यातून होते. आपण थोडेच दूषित पाणी पितो? जगूचं खरं कारण मला कळलं असतं तर मी ती बाटली तोंडाला लावली असती का? लावली असतीही. पण एकदा तरी हात थबकला असता.

काकी खाली मांडवाच्या मातीत बसली. ओरडली नाही, बाबांना शिव्या दिल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने वर बघितलं.

"मग मी त्याना उसाचा रस का पाजत बसलेली रे?"

बाबांच्या हातात सोडवलेला बांबू होता, तो त्यांना खाली ठेवता येईना. मी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. मंडळाच्या पोरांनो, माईक हातात दिलात की मला पुढे तुम्ही दिसत नाही, काकी दिसते, आणि म्हणून मला एका जागी उभं राहता येत नाही.